झुडुपांना फुले का येत नाहीत, का गळतात, का बिघडतात: सोलापुरातल्या बागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर, होटगी रोड, बाळे, बार्शी, पंढरपूर अशा सगळीकडून वर्षभर जे प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. वेगळे काही लिहिले नसेल तर सगळी मापे 12 इंची कुंडीसाठी आहेत. जमिनीतल्या मोठ्या झुडुपाला खत आणि पाणी तिप्पट धरायला हरकत नाही.

1. झाड हिरवेगार आहे, वाढतेय, पण फूल नाही. सुरुवात कुठून करायची?

खत आणायला बाहेर पडण्याआधी फांदीचे शेंडे नीट बघा. कळी धरलीच नाही, धरून गळली, उमलली पण वेडीवाकडी, की फूल छान आले पण रंग भलताच, या चारांतले तुमचे कोणते ते आधी ठरवा. कळी धरत नसेल तर कारण बहुतेक वेळा ऊन, जादा नत्र किंवा चुकीच्या वेळची छाटणी. गळत असेल तर प्रश्न 3 वाचा, वेडेवाकडे फूल असेल तर 11 आणि 12, रंगासाठी 13.

ऊन अंदाजाने सांगू नका, मोजा. सकाळी आठपासून दर तासाला झाडावर थेट ऊन आहे का ते बघून कागदावर खूण करा. जास्वंद, मोगरा, गुलाब, बोगनवेल यांना निदान सहा खुणा पडायला हव्यात. सोलापुरात साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो. त्यामुळे उत्तरेकडच्या गॅलरीत उन्हाळ्यात फुलणारे झाड हिवाळ्यात गप्प बसते. त्या झाडाला आजार नाही. कुंडी गच्चीवर न्या.

2. नर्सरीतून आणले तेव्हा फुलांनी लगडले होते. दोन महिन्यांत फुले बंद, फांद्या लांबच लांब. फसवणूक झाली का?

तसे म्हणता येणार नाही. झाड बुटके आणि भरगच्च दिसावे म्हणून बऱ्याच ठिकाणी वाढ रोखणारे औषध देतात. त्याचा असर काही महिन्यांत ओसरला की दोन पेरांमधले अंतर वाढते आणि झाड आपल्या मूळ चालीवर येते. शेंडे एक तृतीयांश छाटा, पूर्ण उन्हात ठेवा आणि नवी फूट पक्की होईपर्यंत थांबा.

दुसरे कारण मुळांशी असते आणि सोलापुरात तेच जास्त सापडते. झाड कोकोपीटच्या गोळ्यात येते आणि आपण तो गोळा तसाच काळ्या मातीत बसवतो. वरून पाणी घातले की बाजूची काळी माती ओली होते, मधला गोळा मात्र एकदा सुकला की पाणी आत घेत नाही. वरून चिखल आणि मुळाशी कोरडे. बोटभर माती उकरून खोडाजवळचा भाग दाबून बघा. कोरडा लागला तर झाड काढा, गोळा अर्धा तास बादलीत बुडवा, बाजूने तीन-चार उभ्या चिरा द्या, गोल फिरलेली मुळे मोकळी करा आणि मग पुन्हा लावा. उन्हाळ्यात हा उद्योग नको. जूनचा पाऊस पडून गेल्यावर करा.

3. जास्वंदीला भरपूर कळ्या येतात, पण उमलण्याआधीच देठासकट गळतात. काय करू?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. खाली पडलेल्या दहा ताज्या कळ्या गोळा करा आणि पांढऱ्या कागदावर ब्लेडने उभ्या चिरा.

आत पांढरट-पिवळसर, एक-दोन मिलिमीटरच्या, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या दिसल्या आणि त्यातली एखादी टुणकन उडाली, तर ती कळीमाशी. ही बारीक माशी कोवळ्या कळीत अंडी घालते. अळी मोठी झाली की कळीतून खाली मातीत जाते, तिथे कोष करते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत पुढची पिढी तयार. म्हणून नुसती वरून फवारणी करून भागत नाही, अळ्या बंद कळीत आणि कोष मातीत असतो. रोज संध्याकाळी पडलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या वेचा, काळ्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. कुंडीतली वरची दोन इंच माती बदला. हे सलग चार आठवडे करायचे, मध्ये आठ दिवस गावाला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून. दुहेरी पाकळ्यांच्या जातींना हा त्रास अधिक.

अळी नाही, पण कळीवर तपकिरी ओरखडे आहेत आणि उमललेले फूल कागदावर झटकल्यावर सुईच्या टोकाएवढे लांबट किडे पळताना दिसतात, तर ते फुलकिडे. 1500 पीपीएमचे निंबोळी तेल 5 मिली, त्यात भांडी धुण्याचा पातळ साबण 1 मिली, आधी दोन्ही घोटून मग एक लिटर पाण्यात. सूर्य मावळल्यावर फवारा, दर सहा-सात दिवसांनी, तीन वेळा. निळे चिकट सापळेही लावता येतात. फुले देवाला आणि घरात वापरली जातात, म्हणून कडक कीटकनाशकाच्या मागे लागू नका.

देठापाशी पांढरा कापूस चिकटलेला असेल तर पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा आणि मग वरचेच मिश्रण मारा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी, कारण त्याच या ढेकणांना राखतात.

दहाच्या दहा कळ्या आतून स्वच्छ निघाल्या तर कीड नाही, पाणी आणि ऊन. नळाला पाणी काही दिवसांआड येते, मग आले त्या दिवशी झाडाला भरपूर आणि नंतर तीन दिवस कोरडे. या हिंदकळण्यातच कळी गळते. तेवढेच पाणी साठवून रोज थोडे-थोडे द्या. कुंडीवर दोन-तीन इंच ज्वारीच्या कडब्याची कुट्टी किंवा उसाचे पाचट पसरा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर गेला की निरोगी जास्वंदही कळ्या टाकते. 50 टक्क्यांची हिरवी जाळी दुपारच्या बाजूने लावा आणि जूनपर्यंत धीर धरा.

4. गणपतीत जास्वंद हमखास फुलायला हवी. छाटणी कधी?

गणेश चतुर्थीच्या आधी अडीच ते तीन महिने, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, फांद्यांचा एक तृतीयांश भाग काढा. जास्वंद नव्या फुटीच्या टोकाला फुलते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कात्री लावली की नेमकी सणाची फुले गेली.

5. मोगऱ्याला पाने खूप, फूल एखाददुसरे. वेलीसारख्या लांब फांद्या सुटल्यात.

मोगऱ्याला विश्रांती आणि छाटणी दोन्ही लागतात. वर्षभर सारखे पाणी मिळाले तर तो पानातच रमतो. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत आणा आणि दहा-पंधरा दिवस जवळपास बंद ठेवा. पाने मलूल होऊन गळू लागली की, म्हणजे साधारण जानेवारीच्या मध्यातल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, झुडूप जमिनीपासून दीड फुटावर छाटा. सुकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. उरलेली पानेही हाताने ओरबाडा. वरची दोन इंच माती खरवडून दोन-तीन दिवस उघडी ठेवा, मग दोन ओंजळी कुजलेले शेणखत घालून भरपूर पाणी द्या. मार्चपासून कळ्या दिसू लागतात.

पहिला बहर ओसरला की फुललेला प्रत्येक शेंडा दोन पानांखाली खुडा. तिथून दोन फुटवे येतात आणि दोन्ही फुलतात. हे खुडणे बहुतेक जण करत नाहीत आणि एप्रिलनंतर मोगरा थांबला म्हणून कळवतात. वेलीसारखी लांब फांदी सावलीचे लक्षण, ती खालपासून कापा आणि ऊन मोजा (प्रश्न 1).

मार्चमध्ये जाग आली तर मात्र छाटू नका, कळी धरलेली असते. त्या वर्षी नुसते खुडणे करा.

6. मोगऱ्याच्या कळ्या पांढऱ्या न राहता जांभळट होऊन तशाच सुकतात.

जाती-जातींत कळीच्या टोकाला हलकी गुलाबी झाक असते आणि ती उमलताना जाते, ती वेगळी. कळी बुडाशी फुगून जांभळी झाली आणि उमललीच नाही तर कळीमाशी, उपाय प्रश्न 3 मध्ये. कळीला गोल भोक आहे, दोन-तीन कळ्या जाळीने एकमेकींना चिकटल्या आहेत आणि आत काळ्या डोक्याची हिरवट अळी आहे, तर ती कळी पोखरणारी अळी. जाळीसकट गुच्छ खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याला एकदा फवारा.

7. बोगनवेलीला फक्त पाने. शेजारच्यांची मात्र रंगाने भरलीय, आणि ते पाणीसुद्धा घालत नाहीत!

म्हणूनच भरलीय. आपल्याकडच्या डाळिंबवाल्यांना ताण म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, बोगनवेलीलाही तोच नियम. पाने लोंबेपर्यंत पाणी तोडा, मग एकदा भरपूर द्या, पुन्हा लोंबेपर्यंत तोडा. दोन-तीन आठवडे असे केले की शेंड्यांना रंग धरू लागतो. रंग दिसल्यावर ताण थांबवा, नाहीतर तेच गळून जाईल. शेणखत आणि युरिया बंद.

ताण देऊनही पाने लोंबतच नसतील तर कुंडी हलवून बघा. हलत नसेल तर बुडाच्या भोकातून मुळे खाली जमिनीत किंवा फरशीच्या सांध्यात गेली आहेत आणि झाड तिथले पाणी पितेय. मुळे कापा, कुंडीखाली विटा ठेवा. आठ-दहा दिवस झाड रुसल्यासारखे दिसेल, मग ताण लागू पडतो.

8. अनंताची पाने पिवळी, शिरा हिरव्या, कळ्या तपकिरी होऊन पडतात. एक्झोराचेही तसेच.

इथली माती आणि बोअरचे पाणी हेच मूळ. जिल्ह्याच्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी आहे आणि अनंताला आम्लधर्मी माती लागते. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. घरच्या घरी तपासा: चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन वर पांढरे व्हिनेगर टाका. बुडबुडे आले, फसफसले, तर चुनखडी आहे.

जोरात फसफसणाऱ्या मातीत गंधक घालत बसणे फुकट, चुना ते पचवून टाकतो. अनंत कुंडीतच लावा: दोन भाग पानांचे कुजलेले खत किंवा धुतलेले कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग शेणखत. काळी माती चिमूटभरही नको. लोह द्यायचे तर पाकिटावरचे नाव वाचा. दुकानदार सहसा 12 टक्क्यांचे ईडीटीए लोह काढून देतो, ते चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए लोह मागा, ते साधारण 6 टक्क्यांचे असते. दीड ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी मातीत ओता, महिन्यातून एकदा. पाणी लालभडक होते, घाबरू नका, पण फरशीवर डाग पडतात. नवी पाने हिरवी निघाली म्हणजे काम झाले. जुनी पिवळी पाने तशीच राहतात.

पावसाचे पाणी साठवता आले तर ते अनंतासाठी राखा. सप्टेंबरात आपल्याकडे चांगला पाऊस असतो, गच्चीच्या पाइपखाली एक पिंप पुरते.

9. फुलांसाठी डीएपी टाकू का? सगळे तेच सांगतात.

नको. चुनखडीच्या मातीत डीएपीतले स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसते, वरचेवर टाकत गेले की लोह आणि जस्ताची टंचाई वाढते, आणि प्रश्न 8 मधली पिवळी पाने दिसू लागतात. जास्वंदीला तर जादा स्फुरद मानवतच नाही. फुलांवर येणाऱ्या झाडाला 0:0:50 हे पालाशाचे खत 2 ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवून पंधरा दिवसांनी एकदा द्या, सोबत दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर साचला असेल तर आधी खतच थांबवा. तो क्षारांचा थर आहे. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून धुऊन निघू द्या.

केळीच्या सालीचे पाणी घातले तर बिघडत नाही. त्याने कळ्या धरतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

10. लाल गुलाब होता, आता फिकट गुलाबी बारीक फुलांचे झुबके येतात. रंग बदलला का?

रंग बदलला नाही, झाड बदलले. कलमी गुलाब खालच्या जंगली खुंटावर बांधलेला असतो. कलमाच्या गाठीखालून खुंटाचा धुमारा निघाला की तो जोमाने वाढतो आणि वरच्या कलमाची उपासमार होते. सात पाने असली तर जंगली, पाच असली तर चांगला, या खुणेवर विसंबू नका, चांगल्या गुलाबांनाही सात पाने येतात. फांदी कुठून निघाली तेच बघा. माती उकरा, धुमाऱ्याचा जोड सापडेपर्यंत खाली जा आणि कात्रीने न कापता खाली ओढून फाडून काढा. कापला तर राहिलेल्या डोळ्यांतून चार नवे येतात.

गाठीच्या वर एकही हिरवी फांदी उरली नसेल तर कलम मेले, ते परत येणार नाही. फांदी लावून केलेल्या देशी गुलाबाला मात्र गाठच नसते. त्याचे जमिनीतून आलेले फुटवे खरे, ते ठेवा.

11. गुलाबाची फांदी वाढते पण टोकाला कळीच नाही. आणि एका फुलाच्या मधून चक्क दुसरी फांदी निघालीय!

पहिली ती आंधळी फांदी. कमी ऊन किंवा तापमानाचे चढउतार यामुळे शेंडा कळी न धरता थांबतो. अर्ध्यावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या, पुढची फूट सहसा कळी घेऊन येते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात नीट छाटणी केली तर साधारण दीड महिन्यात बहर येतो आणि आंधळ्या फांद्याही कमी निघतात.

दुसरा प्रकार दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी आहे. कळी तयार होताना उष्णता वाढली किंवा नत्र जास्त झाले की फुलाच्या मध्याला आपण फांदी आहोत असे वाटते आणि तिथून देठ, पाने, कधी नवी कळीही निघते. ते फूल कापून टाका. एका झाडावर एक-दोन अशी फुले आली तर काळजी नको. सगळीच फुले हिरवी होत असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

12. सदाफुलीची सगळी फुले हिरवी, पानासारखी आलीत. ही नवी जात आहे का?

रोग आहे. वांग्यावरचा पर्णगुच्छ पाहिला असेल तर त्याच कुळातला. तुडतुडे रस शोषताना तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. पाने बारीक होतात, फुटवे झाडूसारखे दाटतात, पाकळ्यांच्या जागी पाने येतात. औषध नाही. झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाका, त्याची फांदी किंवा बी घेऊ नका. हिरव्या फुलांचा गुलाब नावाची एक जुनी जात खरोखर असते, पण ती पहिल्या फुलापासून हिरवीच असते. आधी रंगीत असलेले झाड हिरवे झाले तर ती जात नाही.

13. एकाच झाडावर दोन-तीन रंगांची फुले. काही बिघडलेय का?

बहुतेक वेळा नाही. ब्रुनफेल्सियाचे फूल जांभळे उमलते आणि दोन-तीन दिवसांत पांढरे होते. मधुमालती पांढरी उमलून गुलाबी, मग लाल होते. घाणेरीतही जुनी फुले वेगळ्या रंगाची दिसतात. बोगनवेलीच्या मेरी पामर जातीत पांढरे आणि राणी रंगाचे दोन्ही एकाच झाडावर येतात, तो तिचा स्वभाव. जास्वंदीच्या संकरित जाती मेच्या उन्हात लहान आणि फिकी फुले देतात, हिवाळ्यात रंग पुन्हा गडद होतो.

चितकबऱ्या पानांच्या झाडाला एखादी पूर्ण हिरवी, जोमदार फांदी फुटली तर तीच तेवढी लगेच कापायची. ठेवली तर सगळे झाड हिरवे होते.

14. झुडुपाची एकच बाजू फुलते.

सावलीची बाजू असेल तर प्रश्न 1. दोन्हीकडे सारखे ऊन असेल तर न फुलणाऱ्या बाजूची एक जाड फांदी निवडा आणि खालून वर हात फिरवत जा. भुसा, डिंक किंवा भोक लागले तर खोडकिडा. नखाने साल खरवडा: हिरवे दिसले तर जिवंत, तपकिरी दिसले तर मेलेली. जिवंत भागापर्यंत कापा आणि कापलेला तुकडा जाळा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या झाडाची भिंतीकडची बाजू न फुलण्याचे कारण मात्र तापलेली भिंत. दीड-दोन फूट पुढे सरकवा.

कण्हेर असेल तर सावध राहा. तिचे सगळे भाग विषारी आहेत. हातमोजे घाला, छाटलेले शेळ्या-गाईंपुढे टाकू नका आणि जाळूही नका, धूरही बाधतो. तिच्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो.

15. परसातल्या डाळिंबाला फुले खूप लागतात आणि सगळी गळतात.

फूल हातात घेऊन बूड बघा. बूड निमुळते, आकार घंटेसारखा, तर ते नर फूल, गळणारच. बूड फुगीर, कलशासारखे, तर त्याचे फळ होते. दोन्ही एकाच झाडावर असतात आणि नर फुले गळणे नैसर्गिक आहे. कलशासारखी फुलेही गळत असतील तर पाण्यातली अनियमितता किंवा फुलकिडे (प्रश्न 3).

फूल झेंडूसारखे गच्च पाकळ्यांचे असेल तर ते शोभेचे डाळिंब. फळाची वाट बघू नका. फळांवर तेलकट डाग दिसू लागले तर तो वेगळा विषय, केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र त्यावरही काम करते.

16. पॉइन्सेटियाची पाने लाल होत नाहीत, शेवंतीही कळी धरत नाही. शेजारच्या बागेत दोन्ही फुललेत.

रात्री नऊला झाडापाशी उभे राहून वर्तमानपत्र वाचता येते का बघा. येत असेल तर रस्त्यावरचा किंवा पोर्चचा दिवा हेच कारण. ही दोन्ही झाडे लांब, अखंड अंधार मिळाला तरच कळी धरतात, मध्येच दिवा लागला की त्यांच्या हिशेबी रात्र मोडली. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ आठवडे संध्याकाळी पाच ते सकाळी आठ पुठ्ठ्याचे खोके उपडे घाला, दिवसा पूर्ण ऊन द्या.

17. महाबळेश्वरहून निळा हायड्रेंजिया आणला. इथे गुलाबी झाला, मग फुललाच नाही.

निळा रंग आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम मिळाले तरच टिकतो, चुनखडीत तो गुलाबी होणारच. शिवाय त्याच्या बहुतेक जाती गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात, ती फांदी आपला उन्हाळा जाळून टाकतो. प्रश्न 8 मधले मिश्रण, सकाळचे दोन तास ऊन, बाकी सावली. एवढे करूनही सोलापुरात तो नांदेल याची खात्री नाही. तेवढ्या पाण्यात दोन मोगरे होतात.

18. झाड कधी नव्हे इतके, तेही अवेळी फुलले. आनंद मानू की काळजी करू?

आधी बुंधा तपासा. लांबलेल्या कोरड्यानंतर पाऊस पडला आणि अनेक झाडे एकदम फुलली, तर ते ठीक. पण एकच झाड किंवा त्याची एकच फांदी अवेळी फुलली, पाने मात्र लहान आणि फिकी, तर मुळांकडे जाणारा रस्ता कुठेतरी अडला आहे. नर्सरीची नावाची चिठ्ठी बांधलेली तार किंवा आधाराच्या काठीची सुतळी बहुतेक वेळा सालीत रुतलेली सापडते, तिच्या वरचा भाग फुगलेला आणि खालचा बारीक. वरून साल भरून आल्याने तार दिसतही नाही, बोटाने चाचपावी लागते. तार पकडीने दोन-तीन ठिकाणी तोडा, सहज निघेल तेवढीच काढा, रुतलेली ओढू नका. फुले आणि कळ्या सगळ्या खुडून टाका, खत देऊ नका, पाणी मात्र नियमित ठेवा. तारेखालून नवे फुटवे आले तर त्यातला सरळ, जोमदार एक राखा. कलमी झाड असेल तर तो फुटवा गाठीच्या वरचा आहे ना, हे प्रश्न 10 प्रमाणे आधी बघा.